ओबोची ओळ

आई गेल्यावर नाना काही केल्या पुण्याला यायला तयार होईनात. "मला तिथं कोण ओळखतं?" एवढंच ते म्हणायचे आणि विषय बंद करायचे. शेवटी मोहिनीच आपलं काम उचलून धुळ्याला, देवपुरातल्या घरी घेऊन आली. तिच्या कामाला तसं फार काही लागत नाही. मोठं टेबल, खिडकीतला उजेड, एक कीबोर्ड आणि एक संगणक. बाकी सगळं कागदांत.

ती नेमकं काय करते हे शेजारच्या सुनंदाबाईंना नानांनीच समजावून सांगितलं. "एखाद्यानं वाजवायचं संगीत लिहून ठेवलेलं असतं. कुठं खोडलेलं, कुठं चुकलेलं, कुठं दोन ठिकाणी दोन तऱ्हेचं. ही ते सगळं शेजारी शेजारी ठेवून बघते आणि काय छापायचं ते ठरवते."

"म्हणजे जुनी पोथी शुद्ध करतात तसं," सुनंदाबाई म्हणाल्या.

"तसंच," नाना म्हणाले. त्यांच्या आवाजात जरा तोरा होता, कारण या खेपेची पोथी त्यांच्या ओळखीची होती.

पोथी होती गिरधर मास्तरांची. मास्तर मूळचे शिरपूरकडचे, कपाशीच्या शेतावर वाढलेले. पोरवयात लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत. पुढे भुसावळला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकून म्हणून लागले आणि तिथल्या इन्स्टिट्यूटमधल्या एका गोवेकर बँडमास्तरांनी त्यांना पाच रेघांवर संगीत लिहायला शिकवलं. ते गोवेकर निवृत्त होऊन गावी गेल्यावर इन्स्टिट्यूटचा वाद्यवृंद गिरधर मास्तरांकडे आला. त्यात गार्ड होते, फायरमन होते, शाळेतले ड्रॉइंगचे सर होते, आणि लोको शेडमधले फिटर धनसिंग, म्हणजे मोहिनीचे नाना, दुसऱ्या व्हायोलिनवर होते. या माणसांसाठी मास्तरांनी चार सिंफन्या लिहिल्या. कॉलनीत कुणी सिंफनी म्हणत नसे. "आज मास्तरांचं मोठं वाजवणं शे," असं म्हणत बाया संध्याकाळचा स्वयंपाक लवकर उरकायच्या आणि सतरंज्या घेऊन हॉलकडे निघायच्या.

पहिल्या तीन वाजल्या. चौथी वाजायची वेळच आली नाही. वाफेची इंजिनं जात चालली, कुणाची बदली झाली, कुणी निवृत्त झालं, आणि एके दिवशी लक्षात आलं की सरावाला दोघं-तिघंच येतात. मास्तर शिरपूरला परतले. तिथंच वारले.

त्यांचे कागद जळगावच्या एका न्यासाने आता त्यांच्या पत्नीकडून, कमलबाईंकडून मागून घेतले होते. केळीच्या व्यापारातल्या एका कुटुंबाने तो न्यास खानदेशातल्या कलावंतांसाठी काढला होता. तिथलं काम बघणारा भूपेंद्र हा हौशी, धडपड्या माणूस. त्याने मोहिनीला फोन करून विचारलं, "ताई, तुम्ही परदेशातल्या मोठमोठ्या लोकांच्या रचना शुद्ध करून दिल्यात. आपल्या भुसावळच्या माणसाचं कराल का?" तो पुढे मानधनाबद्दल काही बोलत होता, पण मोहिनीने तोवर हो म्हणून टाकलं होतं.

याचं कारण भूपेंद्रला ठाऊक नव्हतं. तिसरी सिंफनी वाजली त्या संध्याकाळी मोहिनी त्या हॉलमध्ये होती. शाळेत दुसरीत नाहीतर तिसरीत असेल ती. स्टेजच्या पायरीवर, नानांच्या खुर्चीच्या अगदी जवळ तिला बसवलं होतं. पहिला भाग दणक्यात झाला. मग दुसरा, संथ भाग सुरू झाला. व्हायोलिनं इतकी हळू वाजू लागली की वर फिरणाऱ्या पंख्याची कुरकुर ऐकू येत होती. आणि नानांच्या शेजारी बसलेल्या झुलालभाऊंनी सनई उचलली.

झुलाल चोपड्याचे. लग्नसराईत गावोगाव वाजवणारे. पांढरी टोपी, धोतर, अंगावर इस्त्रीचा शर्ट. बूटपँटवाल्यांच्या रांगेत ते एकटेच तसे बसले होते. त्यांची सनई सुरू झाली आणि मोहिनीला आपण कुठं आहोत याचा विसर पडला. पुढे ती शिकायला पुण्याला गेली, तिथून जर्मनीला गेली, मोठमोठे वाद्यवृंद तिने ऐकले. तरी कुठल्याही सिंफनीचा संथ भाग सुरू झाला की तिचे कान क्षणभर त्या सनईची वाट बघत. हे तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

धुळ्याला काम सुरू झालं तसे नाना रोज सकाळी चहा घेऊन टेबलाजवळ येऊन बसू लागले. त्यांचे हात आता कापत, व्हायोलिन पेटीत मिटून पडलं होतं, पण नोटेशन ते अजून पेपरासारखं वाचत. मास्तरांचे कागद बघताना त्यांचा चेहरा उजळायचा.

"हे बघ, या रेघा. माझ्या पेनाच्या आहेत."

"तुमच्या?"

"स्वरलिपीचा कोरा कागद तेव्हा मिळतो कुठं? मिळाला तर परवडतो कुणाला? मी शेडमध्ये पाच निबं एका पट्टीवर डाख लावून जोडून दिली होती मास्तरांना. एकदा ओढलं की पाचही रेघा. शाईचे डाग पडायचे, पण सरळ यायच्या."

कागद म्हणजे जुन्या वेळापत्रकांच्या पाठकोऱ्या बाजू होत्या. उलटून पाहिलं तर कधीच्या बंद झालेल्या पॅसेंजर गाड्यांच्या वेळा दिसायच्या. एका ठिकाणी सगळ्या वादकांच्या पानांवर पेन्सिलीने 'भोंगा' असं लिहिलेलं होतं. मोहिनीने त्यावर बराच विचार केला. हे वाद्य असेल का, की एखादी खूण? तिने नानांना विचारलं, तर ते हसत सुटले.

"शेडचा भोंगा गं. सरावाला आम्ही नेहमी त्याच वेळी बसायचो, आणि बरोबर त्या जागेवर आलो की शेडचा भोंगा व्हायचा. मास्तर हात वर धरून थांबायचे. तो संपला की पुढे. मग आम्ही लिहूनच ठेवलं."

"म्हणजे हे छापायचं नाही."

"छाप की. भुसावळचं आहे म्हणून कळेल तरी."

अशा गमतीत पहिल्या दोन सिंफन्या झाल्या. तिसरी हातात घेतली आणि काम अडलं.

तिसऱ्या सिंफनीचे कागद तीन प्रकारचे होते. एक मास्तरांचा कच्चा खर्डा. दुसरी वादकांची पानं, ज्यांवरून त्या संध्याकाळी वाजवलं गेलं. आणि तिसरी, मास्तरांनी शिरपूरला गेल्यावर सावकाश बसून केलेली स्वच्छ प्रत. खर्ड्यात संथ भागातली मुख्य ओळ ओबोला दिली होती. ओबो म्हणजे वेस्टर्न वाद्यवृंदातलं फुंकून वाजवायचं, सनईच्याच जातीचं, पण आवाजाने हळवं आणि गार वाद्य. भुसावळात तो कुणाकडे नव्हता. त्यामुळे वादकांच्या पानांत ओबो नव्हताच. त्या जागी एक कागद होता, त्यावर 'झुलाल' असं नाव आणि खाली मास्तरांच्या अक्षरात देवनागरीत सारेगम, कारण झुलालना पाच रेघांचं वाचता येत नसे. इतकंच नाही, झुलालच्या सनईला जुळावा म्हणून मास्तरांनी सबंध भाग एक स्वर खाली उतरवून सगळ्यांची पानं नव्याने लिहिली होती.

आणि स्वच्छ प्रतीत पुन्हा ओबो. पुन्हा मूळचा वरचा स्वर. झुलालचं नाव कुठंच नाही.

मोहिनीच्या धंद्यात याला सरळ उत्तर होतं. रचनाकाराने शेवटी, विचार करून, आपल्या हाताने जे लिहिलं ते प्रमाण. पण ती टेबलाशी बसून त्या सारेगमच्या कागदाकडे बघत राहिली. त्यावरची ओळ तिला लहानपणापासून कानाने पाठ होती.

तिने भूपेंद्रला फोनवर सगळं सांगितलं. तो क्षणभरही थांबला नाही.

"सनईच छापा, ताई. त्यात विचार कसला? सिंफनी आणि सनई. लोकांना तेच भावेल. ओबो काय, जगात सगळीकडे वाजतो."

"मास्तरांनी ओबो लिहिलाय."

"ओबो मिळत नव्हता म्हणून सनई घेतली आणि जमून गेली. हीच तर गोष्ट आहे. तुम्ही कमलबाईंना विचारून बघा ना. त्या काय म्हणतात ते."

म्हणून मोहिनी शिरपूरला गेली. कमलबाई मुलाकडे राहत होत्या. ओट्यावर खाट टाकून शेंगा सोलत बसल्या होत्या. मोहिनीने पाया पडून नाव सांगितलं तसा त्यांनी तिचा हात धरला.

"व्हायोलिनवाला धनसिंगनी पोर ना तू? बठ माय. तुना बाप बरा शे ना?"

"बरे आहेत, अक्का. तुमची आठवण काढतात."

कामाचं बोलणं निघालं तेव्हा कमलबाईंनी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. ओबोचं नाव ऐकून त्या हसल्या. ते नाव त्यांनी नवऱ्याच्या तोंडून आयुष्यभर ऐकलं होतं.

"एकदाव मुंबईले गयात. तठे कोनी वाजी ऱ्हायंतं, ते आयकीसन उनात. घर उनात आनि गप बठी ऱ्हायनात. मी इचारं, काय व्हयनं? तं म्हनतस, कमल, आपली सनईनी एक बहीन शे, दूर देशमा दियेल. आज तिले भेटीसन उनू."

दूर देशी दिलेली ती बहीण म्हणजे ओबो, हे मोहिनीला कळलं.

"मंग झुलालनी वाजाडं," कमलबाई पुढे म्हणाल्या, "लोकेसले भलतं आवडनं. माले बी. दुसरा दिन सकाय चहा पेता पेता म्हनतस, झुलालनी मनी लाज राखी. पन मना कानमा जे शे, ते अजून बाहेर नही उनं."

"मग अक्का, मी काय छापू?"

कमलबाईंनी सूप पुन्हा मांडीवर ओढलं. "माले इचारू नको. माले झुलालच आवडस. पन लिखेल त्यासनं शे."

परतीच्या वाटेवर एसटीत खिडकीशी बसून मोहिनी हेच मनात घोळवत होती. जिवंत असलेल्या सगळ्यांना सनई हवी होती. भूपेंद्रला, कमलबाईंना, तिला स्वतःला तर सगळ्यांत जास्त. ओबो हवा होता तो फक्त एका माणसाला, आणि तो आता बोलू शकत नव्हता. त्याच्या बाजूने बोलायला कुणी असेल तर तीच. सोनगीर येईपर्यंत तिचं ठरलं होतं.

घरी आल्यावर तिने नानांना सांगितलं. मुख्य प्रतीत ओबोच राहील. झुलालच्या सनईची माहिती खाली टिपेत देईन.

नाना भाकरी मोडत होते. त्यांनी हात थांबवला.

"टिपेत?"

"तशीच पद्धत असते, नाना."

"आम्ही जे वाजवलं ते टिपेत टाकणार तू?" त्यांचा आवाज चढला नाही, पण तो बदलला. "दिवसभर शेडमध्ये हातोडा मारून संध्याकाळी व्हायोलिन धरायचो आम्ही. बोटं वळत नसायची. झुलाल लग्नं सोडून चोपड्याहून यायचा. त्या दिवशी हॉलमध्ये जे झालं ते खरं झालं, मोहिनी. ओबो कुणी ऐकला? कागदावर आहे तो."

"मास्तरांना तोच हवा होता."

"मास्तर गेले, झुलाल गेला. ऐकलेले आम्ही आहोत अजून. दोघं-चौघं."

ते उठून हात धुवायला गेले. ताटातली शेवभाजी तशीच राहिली. त्यानंतर काही दिवस चहा घेऊन ते टेबलाशी आले नाहीत. व्हरांड्यात पेपर वाचत बसत आणि मोहिनीने काही विचारलं की तुटक उत्तर देत. मोहिनीला वाईट वाटत होतं, कारण ते चुकीचं काही म्हणत नव्हते. त्या पायरीवरून तिनेही तेच ऐकलं होतं.

एका रविवारी तीच म्हणाली, "नाना, भुसावळला जाऊन येऊ. तो हॉल मला बघायचाय. किती माणसं बसायची, स्टेज केवढं होतं, प्रस्तावनेत लिहायला लागेल."

नाना नाही म्हणाले नाहीत. सकाळच्या गाडीने दोघं निघाली. भुसावळला उतरल्यावर मात्र तेच पुढे झाले. पुलावरून, कॉलनीतल्या कडुनिंबाच्या रस्त्याने, इकडे अमक्याचं क्वार्टर, तिकडे तमक्याचं, असं दाखवत चालले. त्यांचं स्वतःचं क्वार्टर आलं तेव्हा तिथं कुणा दुसऱ्याचे कपडे वाळत होते. मोहिनीला ते अंगण केवढं तरी मोठं आठवत होतं. ते मोटरसायकल कशीबशी मावेल एवढं निघालं.

हॉलला नवा रंग होता. आत बॅडमिंटनचं नेट लावलेलं होतं आणि एका कोपऱ्यात प्लास्टिकच्या खुर्च्यांची चवड. रखवालदाराने दार उघडून दिलं. स्टेज होतं तसंच होतं. नाना सावकाश पायऱ्या चढले आणि उजवीकडे एका जागी जाऊन उभे राहिले.

"मी इथं. झुलाल या अंगाला. मास्तर समोर."

"मी त्या पायरीवर."

"तू झोपशील म्हणून तुझी आई काळजीत होती. तू कसली झोपतेस." ते किंचित हसले. किती दिवसांनी. मग त्यांनी डावा हात हवेत धरला, व्हायोलिनची मान धरल्यासारखा, आणि गुणगुणायला लागले. आधी स्वतःचा, दुसऱ्या व्हायोलिनचा भाग. मग तो सोडून झुलालची ओळ. आवाज म्हातारा होता, पण सुरात होता. मोहिनी ऐकत राहिली. ओळ वर चढत पंचमावर आली, आणि तिथं नुसती न थांबता हलकेच वरच्या धैवताला शिवून, घसरत पुन्हा पंचमावर टेकली.

"नाना, हे शेवटचं. पुन्हा म्हणा."

त्यांनी पुन्हा म्हटलं.

"सारेगमच्या कागदावर हे नाहीये. तिथं पंचमावर नुसता थांबा आहे."

"नसेलच. मास्तरांनी लिहिलंच नव्हतं. झुलालचं ते आपलं." नाना आता रंगात आले होते. "सरावात दर वेळी मास्तर टोकायचे. झुलालभाऊ, लिहिलंय तेवढंच वाजवा. झुलाल मान डोलावून हो म्हणायचा आणि पुन्हा तेच करायचा. शेवटी मास्तरांनी नाद सोडला."

परतताना मोहिनी ती ओळ पुन्हा पुन्हा गुणगुणत होती. घरी आल्या आल्या चपला काढून ती सरळ टेबलाशी गेली आणि तिसऱ्या सिंफनीची स्वच्छ प्रत उघडली. संथ भाग. ओबोची ओळ. ओळ चढत गेली, पंचमावर आली, आणि तिथं दोन बारीक स्वर लिहिलेले होते, शिवून परत येणारे. ते तिने आधी पाहिले नव्हते असं नाही. खर्ड्यात नाहीत आणि इथं आहेत, म्हणजे मास्तरांना मागाहून सुचलेली सजावट, अशी तिने नोंदही केली होती. ओळ जिथं जिथं तशी पंचमावर येत होती तिथं तिथं ते होते. नीट, काळजीपूर्वक, पुढच्या वादकाला चुकू नये म्हणून वर कंस घालून लिहिलेले.

"नाना," तिने हाक मारली. "जरा इकडे या."

नाना चष्मा पुसत आले. तिने बोट ठेवलं. त्यांनी वाकून वाचलं, ओठ हलवत, एकदा आणि पुन्हा एकदा.

"हे झुलालचं आहे," ते म्हणाले.

"मास्तरांच्या अक्षरात."

"ओबोला दिलंय?"

"हो."

नाना खुर्चीत बसले. बराच वेळ त्या ओळीकडे बघत होते. मग उठून आत गेले. मोहिनीला वाटलं पडले असतील, पण थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून आल्याचा वास आला आणि ते कापत्या हाताने दोन कप घेऊन बाहेर आले. बशीत चहा सांडला होता. कप टेबलावर, कागदांपासून लांब ठेवून ते म्हणाले, "मग ओबोच राहू दे. पण झुलालचं नाव टिपेत नको. बारीक अक्षरात तर नकोच."

मोहिनीने तसं केलं. मुख्य प्रतीत ओबो राहिला, मास्तरांनी शेवटी लिहिला तसा. पुस्तकाच्या मागच्या भागात सबंध संथ भाग दुसऱ्यांदा छापायचा ठरला, खालच्या स्वरात, सनईसह, भुसावळच्या त्या संध्याकाळी वाजला तसा. त्या भागाच्या पहिल्या पानावर वादकांची नावं होती आणि सुरुवात झुलालपासून होती. भूपेंद्रने थोडी कुरकुर केली, पानं वाढतील म्हणाला. मोहिनीने त्याला ती ओळ फोनवर गाऊन दाखवली, आधी खर्ड्यातली साधी, मग झुलालची. "वाढू द्या पानं," भूपेंद्र म्हणाला.

पुस्तक निघालं त्या हिवाळ्यात न्यासाने जळगावला तिसरी सिंफनी वाजवून घेतली. वादक मुंबई-पुण्याचे होते. ओबो वाजवणारी मुलगी मुंबईची, तिने झुलालचं नावही ऐकलेलं नव्हतं. दुपारच्या सरावाला मोहिनी तिच्याजवळ जाऊन बसली.

"हे दोन बारीक स्वर आहेत ना, ते घाईत उडवू नका. वर जाऊन नुसतं शिवायचं आणि यायचं. एका सनईवाल्याची ती खोड होती."

"गाऊन दाखवा ना," मुलगी म्हणाली. मोहिनीने दाखवलं. मुलीने डोळे मिटून ऐकलं आणि ओबो तोंडाला लावला.

संध्याकाळी पुढच्या रांगेत कमलबाई होत्या, डोक्यावर पदर, खांद्यावर शाल. त्यांच्या शेजारी नाना, इस्त्रीच्या कोटात. मोहिनी त्यांच्या पलीकडे बसली. पहिला भाग झाला. मग व्हायोलिनं हळू झाली, तशीच, आणि मोहिनीचे कान आपोआप सनईची वाट बघू लागले.

ओबो आला. पातळ, गार, थोडासा नाकातून येणारा आवाज. तिला एकदम परकं वाटलं. आपण चूक केली असंही क्षणभर वाटून गेलं. हे ते नव्हतं. त्या हॉलमधली सतरंज्यांवरची माणसं, टोपी घातलेले झुलालभाऊ, आईच्या साडीचा वास, यातलं काही त्या आवाजात नव्हतं, आणि आता ते कशातच असणार नव्हतं. मग ओळ चढत गेली आणि हळूहळू तिला ऐकू येऊ लागलं की हा आवाज कुठल्याही गर्दीत बसणारा नाही. पार्सल ऑफिसातून घरी चालत येताना एकट्या माणसाच्या कानात वाजत राहील असा तो होता. पंचम आला. मुलगी धैवताला शिवली आणि परत आली. नानांचा डावा हात मांडीवर होता. त्याची बोटं हलत होती, आपल्या ओळीवर.

संपल्यावर माणसं उभी राहिली, टाळ्या झाल्या, भाषणं झाली. भूपेंद्रने कमलबाईंना स्टेजवर यायची विनंती केली, पण त्या उठल्या नाहीत. त्यांनी मोहिनीला जवळ ओढलं.

"हाई व्हतं का त्यासना कानमा?"

"हो, अक्का. त्यांनी लिहिलं ते हेच."

कमलबाईंनी स्टेजकडे पाहिलं. वादक स्टँड आवरत होते. "इतला वरीस मना घरमा हाई वाजत व्हतं," त्या म्हणाल्या, "आनि माले आयकू नही उनं."

त्यांनी पदराने डोळे पुसले आणि मग नानांकडे वळून, जणू काही तेच विचारायला आल्या होत्या तसं, पोराबाळांची चौकशी करायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी एसटीने दोघं धुळ्याला निघाली. पारोळ्याच्या पुढे दोन्ही बाजूंना वेचणी चाललेली कपाशी होती. नाना खिडकीबाहेर बघत होते.

"झुलालला हे ऐकायला मिळायला हवं होतं," ते म्हणाले. "त्याला राग आला नसता. तो म्हणाला असता, ही पोरगी बरी वाजवते, पण श्वास फार जपून घेते."

मोहिनी हसली.

"आता चौथी ना?" त्यांनी विचारलं.

"आता चौथी. तिची वादकांची पानंच नाहीत. नुसती मास्तरांची एक प्रत. तीही बऱ्याच ठिकाणी पुसट झालीय."

"आम्ही पांगलो होतो तेव्हा. दुसऱ्या व्हायोलिनला काय दिलंय?"

"खूप दिलंय. घरी गेल्यावर बघा."

घरी पोचल्यावर त्यांनी कोटही काढला नाही. मोहिनीने टेबलावरचा पसारा सरकवून चौथीची पहिली पानं त्यांच्यापुढे ठेवली आणि दिवा जवळ ओढला. नानांनी भिंग हातात घेतलं. हात कापत होता म्हणून दुसऱ्या हाताने मनगट धरलं. पुसटलेल्या स्वरांवरून ते सावकाश पुढे जाऊ लागले, कुठं अडले तर मागे येत, कुठं मान हलवत. मोहिनी शेजारी उभी राहून त्यांनी सांगितलेलं टिपून घेत होती.

बऱ्याच वेळाने त्यांनी मान वर न करताच बोटाने खूण केली.

"पान उलट," ते म्हणाले.